स्पार्टाकस: आखाडा मोडणारा आणि एकदा आखाडा मांडणारा

स्पार्टाकसचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोलोसियम उभे राहते. हा सिनेमांचा परिणाम आहे. प्रत्यक्षात स्पार्टाकसने कोलोसियम कधी पाहिलेच नाही. तो इ.स.पूर्व 71 मध्ये लढता लढता मारला गेला आणि कोलोसियमचे उद्घाटन सम्राट टायटसने इ.स. 80 मध्ये केले. म्हणजे मध्ये तब्बल दीडशे वर्षे गेली. 1960 च्या प्रसिद्ध चित्रपटात शेवटी सगळे गुलाम उठून आपणच स्पार्टाकस असल्याचे सांगतात, तो प्रसंगही लेखकाच्या कल्पनेतला आहे.

आंबेडकरी चळवळीत स्पार्टाकसचे नाव आदराने घेतले जाते. व्याख्यानांत त्याचा दाखला येतो, तरुण कार्यकर्ते त्याच्याबद्दल भरभरून बोलतात. ते योग्यच आहे. पण त्याच्या आयुष्यातली एक घटना या दाखल्यांत सहसा सांगितली जात नाही. बुद्धाचा धम्म स्वीकारलेल्या माणसांनी ती टाळून चालणार नाही असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

आधी त्या खेळांविषयी. रोम शहरात माणसांच्या झुंजीचा नोंदवलेला पहिला खेळ इ.स.पूर्व 264 मधला. ब्रूटस पेरा नावाच्या एका सरदाराच्या अंत्यविधीसाठी त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात गुलामांच्या तीन जोड्या झुंजवल्या. मेलेल्या माणसाच्या मानासाठी जिवंत माणसांचे रक्त सांडायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे अंत्यविधी हे निमित्त उरले आणि खेळ मोठा झाला. निवडणुकीला उभे राहणाऱ्या पुढाऱ्यांना लोकप्रियतेचा हा सोपा मार्ग सापडला. तिनाच्या तीस जोड्या झाल्या, पुढे शंभरांवर गेल्या. मैदानावर रक्त शोषून घेण्यासाठी वाळू पसरत. लॅटिन भाषेतल्या वाळूच्या शब्दावरूनच अरीना हा शब्द आला.

रोममध्ये ही प्रथा मूळ धरत होती, त्याच सुमारास आपल्याकडे सम्राट अशोकाचे राज्य चालू होते. कलिंगचे युद्ध याच दशकातले. त्यानंतर अशोकाने पहिल्या शिलालेखात समाज नावाचे जलसे भरवायला मनाई केली, कारण त्यांत त्याला अनेक दोष दिसत होते. काही समाज चांगलेही असतात, असेही त्याने त्याच लेखात नोंदवले आहे, म्हणजे त्याचा विरोध सरसकट करमणुकीला नव्हता. आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या मौजेसाठी विहारयात्रा करत, त्याऐवजी त्याने धम्मयात्रा सुरू केली. या आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये आपल्या नालासोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात, भुईगावला 1956 मध्ये मिळाला. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल, असे तो नववा लेख सांगतो. अशोकाने दासप्रथा मोडली नाही, हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवे. पण एका टोकाला राज्यकर्ता मृत्यूची मौज कमी करत होता आणि दुसऱ्या टोकाला ती वाढत होती, हा फरक लहान नाही.

अशा वाढलेल्या बाजारात स्पार्टाकस विकला गेला.

तो थ्रेसचा, म्हणजे आजच्या बल्गेरिया आणि त्याला लागून असलेल्या भागातला. जन्माचे साल कुठे लिहिलेले नाही. गुलामांच्या जन्माच्या नोंदी कोण ठेवणार? त्याच्याविषयी जे काही हाती आहे ते सारे रोमन आणि ग्रीक लेखकांचे. त्यातले मुख्य दोघे, प्लुटार्क आणि अपियन, त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहीत होते. हरलेल्यांचा इतिहास जिंकलेल्यांच्या वहीतून वाचावा लागणे आपल्याला नवीन नाही. तरी या वह्यांतूनही माणूस दिसतो. अपियन सांगतो की तो आधी रोमन सैन्यात शिपाई होता, नंतर कैदी झाला आणि ग्लॅडिएटर म्हणून विकला गेला. प्लुटार्क त्याच्या अंगातल्या बळाबरोबर त्याच्या समजूतदारपणाचे आणि सौम्यपणाचे कौतुक करतो. शत्रूच्या बाजूच्या लेखकाने गुलामाला सौम्य म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्याबरोबर त्याच्याच जमातीची त्याची बायको होती. ती भविष्य सांगणारी होती आणि पुढे बंडातही त्याच्यासोबत राहिली. तिचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

त्याला इटलीतल्या कापुआ शहरात लेंटुलस बाटिआटस नावाच्या माणसाच्या तालमीत ठेवले. तालीम म्हणताना आपल्याकडची लाल मातीची तालीम डोळ्यांपुढे आणू नये. हा तुरुंगच होता. रात्री कोंडून ठेवायचे, दिवसा लाकडी हत्यारांनी सराव करून घ्यायचा, जखमा झाल्या तर वैद्य लावायचा, कारण प्रत्येक शरीरात मालकाचा पैसा गुंतलेला. खायला जव आणि कडधान्ये. लोक चेष्टेने त्यांना जवखाऊ म्हणत. अशा तालमीच्या मालकाला लानिस्ता म्हणत. तो माणसे विकत घ्यायचा, तयार करायचा आणि खेळ भरवणाऱ्याला भाड्याने द्यायचा.

या व्यवस्थेतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ग्लॅडिएटर लोकांचा लाडका असे. भिंतींवर त्याची नावे कोरली जात, त्याच्या विजयाचा हिशेब पोरांना पाठ असे. आणि तोच ग्लॅडिएटर कायद्याने कलंकित होता. त्याला इभ्रतदार नागरिकाचे हक्क नव्हते, काही ठिकाणी तर चारचौघांच्या स्मशानात जागाही नव्हती. टाळ्या त्याच्या कौशल्याला, विटाळ त्याच्या माणूसपणाला. फडावर शिट्ट्या घेणाऱ्या कलावंताला गावात पाणवठ्यावर हटकणारा समाज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

इ.स.पूर्व 73 मध्ये या तालमीतल्या सुमारे 200 जणांनी पळून जायचा बेत केला. कुणीतरी फितूर झाले. बेत फुटल्याचे कळताच जे तयार होते ते निघाले. प्लुटार्क आकडा देतो 78. हातात काय, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळ्या. वाटेत त्यांना दुसऱ्या गावी ग्लॅडिएटरांची हत्यारे घेऊन चाललेल्या गाड्या सापडल्या, त्या लुटल्या. पण पुढे कापुआहून आलेल्या सैनिकांना हरवून खरी शस्त्रे मिळाली, तेव्हा त्यांनी ही ग्लॅडिएटरांची हत्यारे फेकून दिली. ती अपमानाची खूण आहे, अशी त्यांची भावना होती. मेलेली गुरे ओढणे सोडा, असे सांगणाऱ्या चळवळीच्या वारसांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

ते व्हेसुव्हियस डोंगरावर चढले. स्पार्टाकस, क्रिक्सस आणि ओनोमाउस हे तिघे म्होरके. रोमने क्लॉडियस ग्लाबर या अधिकाऱ्याला 3,000 माणसे देऊन पाठवले. वर जायला एकच वाट होती, ती त्याने अडवली आणि उपासमारीची वाट पाहत बसला. बाकी सगळीकडे सरळ कडे. वर रानद्राक्षाच्या वेली माजल्या होत्या. गुलामांनी त्या वेली कापून विणल्या, शिड्या केल्या आणि कड्यावरून एकेक करून उतरले. शेवटचा माणूस वर थांबला, त्याने हत्यारे खाली सोडली आणि मग तोही उतरला. मागून छापा पडल्यावर ग्लाबरचा तळ उधळला गेला.

याच डोंगराच्या पायथ्याशी पाँपेई शहर होते आणि तिथे त्याच सुमारास सुमारे 20,000 प्रेक्षक मावतील असे दगडी प्रेक्षागृह उभे राहत होते. आज शाबूत असलेल्या दगडी आखाड्यांत ते सर्वांत जुने मानतात. वर डोंगरावर ग्लॅडिएटर मोकळे झाले होते आणि खाली त्यांच्यासाठी कायमची वास्तू बांधली जात होती.

पुढे दोन वर्षे जे घडले ते रोमच्या कल्पनेपलीकडचे होते. शेतमळ्यांवरचे गुलाम, गुराखी, काही गरीब स्वतंत्र माणसेही येऊन मिळाली. अपियन आधी 70,000 आणि नंतर 1,20,000 असा आकडा देतो. प्राचीन आकडे सैल हाताने लिहिलेले असतात, पण सैन्य प्रचंड होते यात वाद नाही. व्हॅरिनियस या अधिकाऱ्याचे सैन्य त्यांनी अनेकदा हरवले, त्याचा घोडाही पकडला. लुटीचे वाटप स्पार्टाकस सर्वांत समान करत असे. आपल्या तळावर सोने आणि चांदी आणायला त्याने व्यापाऱ्यांना बंदी घातली, फक्त लोखंड आणि तांबे विकत घ्यायचे. सोन्याची हाव शिरली की फौज बाजार होते, हे ज्याला स्वतःला बाजारात विकले होते त्याला पक्के ठाऊक असणार.

इ.स.पूर्व 72 मध्ये रोमने दोन्ही कौन्सलांना, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना, त्याच्यावर पाठवले. क्रिक्सस वेगळी तुकडी घेऊन गेला होता. गार्गानस डोंगराजवळ त्याची तुकडी कापली गेली आणि तोही पडला. स्पार्टाकसने नंतर दोन्ही कौन्सलांना हरवले.

आता ती घटना. क्रिक्ससच्या अंत्यविधीसाठी स्पार्टाकसने 300 रोमन कैद्यांचा बळी दिला, असे अपियन लिहितो. त्याने आपल्या सरदारांच्या चितेभोवती कैद्यांना ग्लॅडिएटरांसारखे एकमेकांशी झुंजायला लावले, असे फ्लोरस हा दुसरा लेखक लिहितो. म्हणजे इ.स.पूर्व 264 मध्ये ब्रूटस पेराच्या मुलांनी जे केले तेच. मेलेल्याच्या मानासाठी जिवंतांची झुंज. फरक एवढाच की बसणारे आणि मरणारे यांच्या जागा बदलल्या.

रोमन लेखकांनी हे बदनामीसाठी रचले असेल, असे म्हणून सुटता येईल. आम्हाला तसे सुटायचे नाही. हेच लेखक त्याची समान वाटणी आणि त्याचा सौम्यपणाही सांगतात. त्यांचे गोड ते घ्यायचे आणि कडू ते खोटे ठरवायचे, हा न्याय नव्हे. शिवाय मनाला ते अशक्यही वाटत नाही. ज्याला वर्षानुवर्षे मरणाचा तमाशा करून दाखवायला लावले, त्याला एक दिवस मालकांनाच आखाड्यात उतरवावेसे वाटले, तर त्यातला संताप आम्हाला कळतो. तळावरच्या हजारो गुलामांनी त्या दिवशी जल्लोष केला असेल. आम्ही तिथे असतो तर आम्हीही कदाचित टाळ्या पिटल्या असत्या.

पण आखाड्याचे दुखणे नेमके याच टाळ्यांत असते. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटमंडळीच्या प्रमुखाची कथा आहे. लोकांना रिझवणारा मेल्यावर देवलोकात जातो, असे त्याने ऐकलेले असते. भगवान बुद्ध त्याला आधी उत्तर द्यायचे टाळतात. तो पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा सांगतात की माणसांच्या मनात आधीच असलेला लोभ, द्वेष आणि मोह खेळातून वाढवला, तर त्याचे फळ चांगले येत नाही. तालपुट रडतो आणि पुढे भिक्खू होतो. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तातही हत्ती, रेडे, मेंढे, कोंबडे, लावे यांच्या झुंजी आणि माणसांची काठ्यांची व मुठींची लढाई पाहण्यापासून श्रमण गौतम दूर असतात, असे येते. मरणाऱ्याइतकीच काळजी इथे पाहणाऱ्याच्या मनाची आहे. प्रेक्षक कोण, रोमन की गुलाम, याने ते मन वेगळे घडत नाही.

स्पार्टाकसचा पुढचा प्रवास झटपट उताराचा आहे. तो आल्प्सच्या दिशेने उत्तरेला गेला होता. तिथून डोंगर ओलांडून ज्याने त्याने आपापल्या देशी जावे, असा त्याचा मूळ विचार होता असे प्लुटार्क म्हणतो. फौजेला लुटीची चटक लागली होती, ती ऐकेना. सगळे पुन्हा दक्षिणेला वळले. रोमने आता मार्कस क्रासस या अतिश्रीमंत पुढाऱ्याला सेनापती केले. त्याच्या एका अधिकाऱ्याचे सैनिक हत्यारे टाकून पळाले, तेव्हा क्राससने पळणाऱ्यांतल्या पुढच्या 500 जणांचे दहा-दहाचे गट केले आणि प्रत्येक गटातला एक चिठ्ठी टाकून मारला. 50 माणसे सगळ्या सैन्यादेखत मारली गेली. रोमला शिस्तही तमाशाच्या रूपातच समजत होती.

स्पार्टाकसला समुद्र ओलांडून सिसिलीत जायचे होते. सिलिशियाच्या समुद्री चाच्यांनी पैसे घेतले आणि ते त्याला सोडून निघून गेले. इटलीच्या टोकाला क्राससने या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 55 किलोमीटर खंदक आणि भिंत घातली. एका हिमवादळी रात्री स्पार्टाकसने खंदकाचा एक भाग माती, लाकडे आणि फांद्यांनी बुजवला आणि फौजेचा काही भाग बाहेर काढला. पण आता तुकड्या फुटत होत्या. गॅनिकस आणि कास्टस यांची तुकडी वेगळी पडून संपली. 12,300 प्रेते पडली, त्यांत पाठीवर जखम असलेली फक्त दोन, असे प्लुटार्कने नोंदवले आहे.

शेवटच्या लढाईआधी त्याचा घोडा आणला गेला. त्याने तलवार उपसून तो मारला. जिंकलो तर शत्रूचे घोडे पुष्कळ मिळतील आणि हरलो तर घोड्याची गरजच उरणार नाही, असा त्याचा अर्थ होता. तो गर्दीतून थेट क्राससच्या रोखाने घुसला. वाटेत दोन रोमन अधिकारी पाडले, पण क्राससपर्यंत पोचला नाही. मांडीत भाला लागल्यावर गुडघ्यावर बसून ढाल पुढे धरून लढत राहिला. त्याचे प्रेत सापडले नाही. म्हणून त्याची समाधी नाही, थडगे नाही.

जिवंत सापडलेल्या 6,000 गुलामांना क्राससने कापुआ ते रोम या आपियन मार्गाच्या दुतर्फा क्रूसावर चढवले. अंतर जवळपास 200 किलोमीटर. जिथून बंड सुरू झाले त्या शहरापासून राजधानीपर्यंत. हा रोमचा सर्वांत लांब आखाडा म्हणावा लागेल, फक्त इथे तिकीट नव्हते आणि प्रेक्षकांना बसायचे नव्हते, चालत जायचे होते. आणि याच वेळी स्पार्टाकसच्या ताब्यातले 3,000 रोमन नागरिक जिवंत परत मिळाले, असे ओरोसियस हा पुढच्या काळातला इतिहासकार लिहितो. क्रिक्ससच्या चितेचे 300 आम्ही वर लिहिले, तेव्हा हे 3,000 ही त्याच कागदावर लिहायला हवेत. त्याच्या हाती सूड घ्यायची पुरेपूर संधी होती आणि तरी एवढी माणसे जगली.

क्रासस आणि पाँपे दोघेही या विजयावर इ.स.पूर्व 70 मध्ये कौन्सल झाले. खेळ थांबले नाहीत, पण रोमच्या पोटात भीती बसली. इ.स.पूर्व 65 मध्ये ज्युलियस सीझरने 320 जोड्यांचा खेळ जाहीर केला. त्यासाठी त्याने जमवलेल्या माणसांची संख्या पाहून त्याचे विरोधक घाबरले आणि शहरात कुणी किती ग्लॅडिएटर ठेवायचे यावर कायद्याने मर्यादा आणली. पुढे ऑगस्टसच्या काळात प्रेक्षकांनी कुठे बसायचे याचेही नियम झाले. कोलोसियममध्ये सुमारे 50,000 लोक बसत, पण उतरंडीने. पुढे सिनेटर, मग घोडेस्वार वर्ग, मग नागरिक, अगदी वर बायका, गरीब आणि गुलाम. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचा हा दगडातला नकाशाच. प्रत्येकाला आपल्याहून खाली कुणीतरी दिसत होते, आणि सगळ्यांच्या खाली वाळूवर मरणारा.

कार्ल मार्क्सने फेब्रुवारी 1861 मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात स्पार्टाकसचा प्राचीन काळातला एक थोर माणूस म्हणून गौरव केला आहे. तो अपियन वाचत होता, म्हणजे ते 300 कैदी त्याच्याही वाचनात आले असणार. बाबासाहेबांनी रोममधली गुलामी आणि आपल्याकडची अस्पृश्यता यांची तुलना सविस्तर केली आहे. गुलामीपेक्षा अस्पृश्यता वाईट, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले, तेव्हा दुःख आणि शोषण संपवण्याचे ध्येय जवळचे असले तरी हिंसेचा मार्ग त्यांनी नाकारला. स्पार्टाकसहून अधिक कारण असलेल्या समाजाचा नेता हे सांगत होता. ते बोलल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतबाहेर त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ग्लॅडिएटरांच्या झुंजी स्पार्टाकसनंतर आणखी चारशेहून अधिक वर्षे चालल्या आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकात विझल्या. ज्या कापुआत तो विकला गेला तिथे नंतर कोलोसियमच्या खालोखाल मोठे प्रेक्षागृह बांधले गेले. त्याचे अवशेष आजच्या सांता मारिया कापुआ वेतेरे या गावात आहेत. त्याचे दगड गावातल्या पुढच्या इमारतींसाठी काढून नेले. उरलेल्या कमानींच्या बाजूला ग्लॅडिएटरांचे एक छोटे संग्रहालय आहे, आणि मधल्या वाळूच्या जागी आता गवत वाढते.